वादळाच्या वाटेवरच्या घराच्या खिडक्या : डागडुजी कुठवर, बदलायच्या कधी आणि बसवायच्या कशा

३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. दापोली तालुक्यातलं आमचं घर त्याच्या वाटेच्या उजव्या हाताला होतं, आणि आपल्याकडे वादळाची उजवी बाजूच जास्त जोराची असते. घराच्या सात खिडक्यांपैकी पश्चिमेच्या तीन गेल्या. त्यांतल्या दोघींची काच फुटलीच नव्हती. अख्खी चौकट काचेसकट, कडीसकट भिंतीतून उपटून आतल्या पलंगावर पडली होती. ज्या खोलीची खिडकी गेली तिच्यावरचीच कौलं उडाली. मधल्या भिंतीपलीकडे, खिडकी टिकलेल्या खोलीची कौलं जवळजवळ जागच्या जागी होती.

तेव्हापासून घरच्या सगळ्या आणि वाडीतल्या बऱ्याच खिडक्यांचं काम मी शेजारी उभं राहून करून घेतलं आहे. गवंडी, सुतार, अ‍ॅल्युमिनियमवाले, सगळ्यांकडून शिकलो. खिडकी म्हटलं की आपण सगळे काचेचा विचार करतो. समुद्राकाठी मात्र खिडकी जाते ती बहुतेक वेळा चौकटीची पकड सुटल्यामुळे, आणि रोज सडते ती पाण्याला बाहेर जायला वाट नसल्यामुळे. हातात मोजके पैसे असतील तर आधी पकडीवर, मग पाण्याच्या वाटेवर आणि उरले तर काचेवर खर्च करा.

वारा आणि पाणी खिडकीशी काय करतात

ताशी १२० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला की दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भार पडतो. चार फूट बाय चार फूट खिडकीवर हा भार १०० किलोच्या आसपास जातो. तांदळाच्या ५० किलोच्या दोन गोण्या खिडकीवर रेलून आहेत, आणि त्याही स्थिर न राहता धक्के देत आहेत, असं समजा. वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक ८७५, भाग ३, मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर हा पायाभूत वेग धरतं. त्या वेगाला आपल्या चार-बाय-चार खिडकीवर पावणेदोनशे किलो येतात.

आडोशाच्या बाजूच्या खिडक्याही सुरक्षित नसतात. तिथे वारा खिडकी बाहेर ओढतो. म्हणून पूर्वेच्या खिडकीची कडी ढिली राहिली तरी चालेल, हे मनातून काढून टाका.

खिडकी गेली की वारा खोलीत शिरून छपराला खालून रेटतो, आणि त्याच वेळी वरचा वारा छप्पर वर ओढत असतो. आमची कौलं अशीच गेली. ‘दाब सारखा राहावा म्हणून वादळात एक खिडकी उघडी ठेवा’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आणि धोक्याचा आहे. सगळ्या खिडक्या, सगळी दारं घट्ट बंद ठेवायची. काचेवर चिकटपट्टीची फुली मारल्यानेही काच मजबूत होत नाही. फुटली तर तिचे मोठे, जास्त धोकादायक तुकडे पडतात.

पाण्याचा हिशोब ऐकून मी स्वतः चकित झालो होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा खिडकीच्या खाचेत साधारण १७ मिलिमीटर उंच पाणी तोलून धरू शकतो. ताशी १२०चा वारा ६८ मिलिमीटर. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकची आतली कड या मापापेक्षा बुटकी असेल तर पाणी आत ओसंडणारच, मग खिडकी कितीही महाग असो. कोकणातली तिरपी झड साध्या पावसाळ्यातही ताशी ६०च्या आसपास सहज जाते.

तपासणी कधी आणि कशी

अरबी समुद्रातली वादळं मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी दोन हंगामांत येतात. निसर्ग जूनच्या सुरुवातीचं. तौक्ते मे २०२१च्या मध्यात किनाऱ्याला समांतर वर सरकलं. फयान ११ नोव्हेंबर २००९ला आलं, पाऊस संपला असं सगळे धरून बसले असताना. म्हणून तपासणी दिवाळीनंतर लगेच करा आणि काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरका. एप्रिल-मे महिन्यांत गवंडी आणि सुतार मिळत नाहीत, मिळाले तरी घाईत असतात.

तपासणीला हत्यार लागतं ते दाभण. गोणी शिवायची असते ती. लाकडी चौकटीच्या उभ्या लाकडांचा खालचा वीतभर भाग, खालचं आडवं लाकूड, झडपांची खालची पट्टी आणि गज शिरतात ती भोकं, इतक्या ठिकाणी दाभण दाबून पाहा. चांगल्या लाकडात ती जेमतेम टोचते. कुजलेल्यात भाकरीत शिरावी तशी जाते. किती खोल गेली ते अंगठ्याने धरून मोजा आणि लिहून ठेवा.

मग चौकटीची पकड. झडपा उघडा, चौकट दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवा. भिंतीच्या सांध्यात केसभर जरी हालचाल दिसली किंवा गिलाव्याची भुकटी पडली तरी ती चौकट वादळात टिकणार नाही. तिला रंग देऊन उपयोग नाही.

तिसरी तपासणी पावसातच होते, त्यामुळे जुलैत वही काढून ठेवा. कोणत्या खिडकीत, कुठल्या कोपऱ्यात, कोणत्या दिशेच्या झडीला पाणी येतं, ते तारखेसकट लिहा. वरच्या कोपऱ्यातून पाणी येत असेल तर दोष बहुधा छज्जात किंवा लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या, वरच्या भेगेत असतो, आणि नवी खिडकी बसवूनही ते पाणी येत राहतं.

लाकडी खिडकी वाचवायची असेल तर

जुन्या साग, फणस किंवा किंजळाच्या चौकटी फेकून देण्याची घाई करू नका. पन्नास-साठ वर्षं मुरलेलं ते लाकूड आज त्या भावात मिळत नाही. दाभण जाडीच्या एक तृतीयांशापर्यंतच जात असेल तर डागडुजी चांगली होते.

पटाशीने कुजलेला भाग पूर्ण काढा, लाकूड टणक लागेपर्यंत. उभ्या लाकडाचं खालचं टोक गेलं असेल तर सुताराला सरळ आडवा काप न घेता तिरपा काप घ्यायला सांगा, आणि तोही बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे सांध्यात शिरलेलं पाणी बाहेरच जाईल. नवा तुकडा शक्यतो त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा असावा. मोडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्यांकडे तो मिळतो. सांधा पाण्यात टिकणाऱ्या इपॉक्सीने चिकटवून दोन स्टेनलेस स्क्रूंनी आवळायचा. मात्र त्याआधी लाकूड कोरडं हवं, पावसाळ्यानंतर निदान सहा-आठ आठवडे ऊन-वारा खाल्लेलं.

कापलेली टोकं दिसत नसली तरी प्रायमरने दोनदा भिजवा, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकांतूनच पितं. झडपेची खालची कड रंगारी हमखास सोडून देतात. झडप उतरवून ती कड स्वतःच्या डोळ्यांसमोर रंगवून घ्या. आमच्याकडे कुजलेल्या बहुतेक झडपा याच कडेपासून कुजायला लागल्या होत्या. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल द्यायची जुनी पद्धत किडीसाठी चांगली आहे, पण ते तेल कातडीला भाजतं, तेव्हा हातमोजे घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा.

पावसात झडप फुगली, लागेना, की लोक लगेच रंधा मारतात. मारू नका. ओली असताना तासलेली झडप मार्चमध्ये सुकून बोटभर फट सोडते, आणि पुढच्या वादळात वारा नेमका तिथून शिरतो. जुलैत झडप कुठे घासते तिथे पेन्सिलीने खूण करा. रंधा जानेवारीत लावा, तोही हलका, आणि तासलेली कड त्याच दिवशी रंगवा.

तावदानाची लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, सुकून तडकली असेल तर ती पूर्ण खरवडून काढा. खाचेला प्रायमर द्या, वाळू द्या, आणि मगच नवी लांबी भरा. प्रायमर न देता भरली तर कोरडं लाकूड लांबीतलं जवसाचं तेल पिऊन टाकतं आणि वर्षभरात ती पुन्हा तडकते. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात. तिथे एखादी खिडकी मोडीतच निघाली तर तिच्यातली धड शिंपलं जपून ठेवा. बाकीच्या खिडक्यांच्या डागडुजीला ती लागतात.

गज, बिजागऱ्या आणि मीठ

लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलेला गज चौकटीचं लाकूड आतून फोडतो. त्यामुळे गजाच्या भोकाभोवती उभी चीर दिसली तर आधी गजाकडे बघा.

गंज तारेच्या ब्रशने घासून वर रंग मारला की काम झालं असं वाटतं, पण वर्षभरात रंगाखाली फोड येतात. कारण गंजात मीठ अडकलेलं असतं आणि ते रंगाखाली ओलावा ओढत राहतं. क्रम असा ठेवा : आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, सुकवा, घासा, पुन्हा गोड्या पाण्याने धुवा, कडक उन्हात सुकवा आणि त्याच दिवशी, संध्याकाळचे खारे वारे सुटण्याआधी, झिंकयुक्त प्रायमरचा पहिला हात द्या. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. नवे गज घ्यायचे असतील तर गरम जस्तात बुडवलेले घ्या. आणि एका खिडकीची जाळी आतून उघडेल अशी ठेवा. दारावर झाड पडलं तर बाहेर पडायला दुसरी वाट लागते.

स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार नेहमी मिळतात. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. लाटांचे तुषार घरापर्यंत येत असतील तर स्क्रू, बोल्ट आणि बिजागऱ्या ३१६च्याच घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. एका खिडकीमागे फरक काही फार मोठा पडत नाही. पितळी बिजागरीला स्क्रूही पितळीच लावा. साधा लोखंडी लावला तर बिजागरी राहते आणि स्क्रू खाऊन जातो. अ‍ॅल्युमिनियमला पितळ अजिबात टेकू देऊ नका, आणि त्यात स्टेनलेस स्क्रू घालताना खाली नायलॉनचा वॉशर घाला. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक झिजतोच.

स्लायडिंगचं दुखणं

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किनाऱ्यावरच्या बहुतेक नव्या घरांना अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसल्या. त्यांच्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारी सेक्शन, म्हणजे चौकटीच्या धातूच्या पट्ट्या, न बदलता मिटतात.

खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक लांबट भोकं असतात. ती वाळूने बुजतात, किंवा बसवणाऱ्यानेच बाहेरून सिलिकॉन फासताना बंद करून टाकलेली असतात. तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता. ते मिनिटभरात बाहेर निघून गेलं पाहिजे. गेलं नाही तर बाहेरून भोकं शोधा, सिलिकॉन पातीने कापा, वाळू जुन्या टूथब्रशने काढा. मुळात भोकंच नसली तर ती पाडून घेता येतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करायचं आहे, वर्षातून एकदा करून भागत नाही.

मग झडपेच्या कडेचा केसाळ ब्रश पाहा. खाऱ्या उन्हात तो दोन-तीन वर्षांत झडतो. दुकानात मीटरवर मिळतो, जुना ओढून काढून नवा सरकवला की झालं. रोलर घासले असतील तर तेही बदला, कारण झडप खाली बसली की वर फट पडते. शेवटी झडप दोन्ही हातांनी वर उचलून पाहा. ती ट्रॅकमधून सुटून हातात येत असेल तर वादळही तिला तशीच काढेल. वरच्या ट्रॅकमध्ये झडप उचलली जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकचे ठोकळे बसवतात. ते नसतील तर लगेच बसवून घ्या. रोलरला खोबरेल घालू नका, ते वाळू धरून ठेवतं. सिलिकॉन स्प्रे मारा.

बदलायचीच असेल तर काय घ्यावं

चौकट हलत असेल आणि लाकूड अर्ध्याहून जास्त कुजलं असेल, किंवा अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येऊन कोपरे उकलले असतील, तर डागडुजीत पैसे घालू नका.

पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला मी आता स्लायडिंग बसवत नाही. तिथे बाहेर उघडणारी, बिजागरीची झडप घ्यावी. वारा तिला आपल्या रबरी पट्टीवर दाबतो, त्यामुळे वारा वाढेल तशी ती घट्ट बसते. हीच झडप आडोशाच्या बाजूला असली तर वारा तिला बाहेर ओढतो, म्हणून कडी एका ठिकाणी नको, तीन ठिकाणी अडकणारी हवी. स्लायडिंग उत्तर-पूर्वेच्या भिंतींना, पडवीच्या आत ठेवा.

अ‍ॅल्युमिनियम घेताना सेक्शनची जाडी स्वतः मोजा. किनाऱ्यावर दीड मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, आणि पावडर कोटिंग ६० मायक्रॉनहून कमी नको. यूपीव्हीसी हे एक प्रकारचं प्लॅस्टिक. ते गंजत नाही, खारी हवा त्याला सोसते, पण ते मुळात मऊ असतं. त्याच्या पोटात जस्त चढवलेली पोलादी पट्टी असेल तरच ते वाऱ्याला टिकतं. खिशात लोहचुंबक घेऊन जा आणि चौकटीच्या चारही बाजूंना आणि झडपेलाही लावून पाहा. चिकटला नाही तर आत पट्टी नाही. मी तीन ठिकाणी हे केलं, त्यांतल्या एका ठिकाणी चौकटीत पट्टी होती आणि झडपेत नव्हती. ती ऑर्डर मी दिली नाही.

मोठी अखंड खिडकी दिसायला छान असते, पण समुद्राच्या बाजूला मोठ्या जागेचे दोन-तीन भाग पाडा. काच लहान झाली की तिच्यावरचा ताण खूप कमी होतो, आणि एक फुटली तरी बाकीच्या राहतात.

काचेचे तीन प्रकार समजून घ्या. साधी काच सुऱ्यांसारखी फुटते. टफन्ड काच साधीपेक्षा चार-पाच पट मजबूत आणि फुटली तर बारीक दाणे होतात, पण मग भोक उघडं पडतं आणि वारा आत. आणि उडत्या कौलाचं टोक किंवा पत्र्याची कड बसली तर तीही फुटते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मधे चिवट थर असतो. ती तडकते, पण जागेवर राहते, आणि वादळात आपल्याला तेच हवं असतं. मधला थर ०.३८ मिलिमीटरच्या पटीत मिळतो. सर्वांत पातळ थर घेऊ नका. मी पश्चिमेला पाच अधिक पाच मिलिमीटर काच आणि मधे १.५२चा थर घेतला. लॅमिनेटेड काचेच्या कडा साचलेल्या पाण्यात राहिल्या तर थर पांढुरका होऊन सुटायला लागतो, म्हणून तिच्या खाली रबरी ठोकळे आणि खाचेला पाण्याची वाट हवीच. सगळ्या घराला परवडत नसेल तर झाडांच्या आणि शेजारच्या कौलांच्या रोखाने असलेल्या खिडक्यांना तरी ती लावा.

बसवणं : इथे उभं राहायचं

माप घेताना रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी घ्या. उंचीही तशीच. दोन्ही कर्ण मोजा. जांभ्याच्या जुन्या भिंती काटकोनात क्वचितच असतात. सर्वांत लहान माप धरा आणि त्यातून दोन्ही बाजूंना ८ ते १० मिलिमीटर जागा सोडा. घट्ट ठोकून बसवलेली चौकट उन्हाने वाढली की वाकते, आणि पाणी अडवणाऱ्या सिलिकॉनला जागाच उरत नाही.

जुनी चौकट काढताना तिला पहारीने उचकटू नका. उभं लाकूड मधोमध करवतीने कापा आणि दोन्ही तुकडे आतल्या बाजूला ओढून घ्या, म्हणजे चिऱ्याच्या कडा ढासळत नाहीत.

आता पकड. जांभा मऊ आणि भोकाभोकांचा दगड आहे. त्यात साधा प्लॅस्टिकचा प्लग किंवा फुगणारा अँकर घातला की तो एखाद्या पोकळीत फुगतो नाहीतर चिरा फोडतो. आमच्या दोन चौकटी अशाच गेल्या. उपाय जुना आहे आणि थोडा कष्टाचा आहे. जिथे जिथे पकड हवी तिथे चिऱ्यात सहा इंच लांब, चार इंच उंच, चार-पाच इंच खोल खण करा, आतली भुकटी काढा, भिंत ओली करा आणि १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी) भरा. लाकडी चौकट असेल तर होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, याच काँक्रीटमध्ये रोवा. अ‍ॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी असेल तर काँक्रीट दोन आठवडे पाणी मारून पक्कं होऊ द्या आणि मग त्यात स्क्रूचं भोक पाडा. जांभ्यातच भोक पाडावं लागलं तर ड्रिलचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवत पाडा आणि रासायनिक अँकर, म्हणजे भोकात चिकट राळ भरून रोवायचा बोल्ट, वापरा.

पकड कुठे कुठे? प्रत्येक कोपऱ्यापासून सहा ते आठ इंचांवर एक, आणि मधे दीड फुटाहून जास्त अंतर नको. चार फुटी उभ्या बाजूला त्या हिशोबाने निदान तीन पकडी येतात. ठेकेदार दोन म्हणेल, तरी तीनांवर अडून राहा. स्क्रू काँक्रीटमध्ये निदान दोन-अडीच इंच शिरला पाहिजे. गिलाव्याची जाडी त्यात धरू नका.

खिडकीच्या उंबरठ्याचा दगड बसवताना बाहेरच्या बाजूला स्पष्ट उतार द्या, भिंतीबाहेर दीड-दोन इंच येऊ द्या आणि बाहेर आलेल्या भागाच्या खालून बोटाच्या रुंदीची खाच मारून घ्या. ती नसली तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे परत येतं. खाच असली की तिथेच ठिबकतं. हा दगड बसवण्याआधी खाली आणि दोन्ही बाजूंना वीतभर वरपर्यंत वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या. खाडीची वाळू आणि मचूळ पाणी या कामात वापरू देऊ नका, पुढच्या वर्षी लोणा फुटतो.

चौकट पाचरींवर ठेवा. पाणसळ लावा, ओळंबा लावा, दोन्ही कर्ण पुन्हा मोजा. सारखे आले की मगच स्क्रू आवळा, तेही आळीपाळीने समोरासमोरचे. उरलेल्या फटीत फोमची गोल दोरी दाबा आणि बाहेरून सिलिकॉन भरा. नाकाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही आणि धातू खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागा. फवाऱ्याचा पिवळा फोम फक्त आतली पोकळी भरायला आहे. तो चौकट धरत नाही आणि उन्हात भुकटी होतो. फोमच्या जोरावर चौकट बसवून निघालेला कारागीर मी एकदा परत बोलावला आहे.

गिलावा करण्याआधी, पैसे चुकते करण्याआधी, पाइपाने परीक्षा घ्या. एकजण आत बॅटरी घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाणी आधी फक्त उंबरठ्यावर पाच मिनिटं, मग चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांवर, मग बाजूंवर, सर्वांत शेवटी वर. खालून वर जायचं कारण असं, की वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि पाणी नेमकं कुठून आलं ते कळत नाही.

वादळाच्या फळ्या

साध्या काचेच्या खिडक्या बदलायला पैसे नसतील तर निदान प्लायवूडच्या फळ्या करून ठेवा. सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त संरक्षण देणारी गोष्ट हीच आहे. १२ मिलिमीटर जाडीचा मरीन प्लाय, भारतीय मानक ७१०चा. खिडकीपेक्षा चारही बाजूंना चार इंच मोठी फळी कापा आणि कडांना रंग द्या. चार फुटांहून मोठी असेल तर मागून लाकडी पट्टी मारा. ती चौकटीला ठोकायची नाही, भिंतीला बोल्टने आवळायची, फुटाफुटावर. त्यासाठी भिंतीत वर सांगितलेल्या काँक्रीटच्या खणांत स्टेनलेस सॉकेट आधीच बसवून त्यांत ग्रीस भरून बुचं लावून ठेवा. प्रत्येक फळीवर खिडकीचं नाव आणि ‘वर’ असा बाण रंगवा, बोल्ट आणि पाना त्याच फळीला पिशवीत बांधून ठेवा. मे महिन्यात एकदा सगळ्या लावून पाहा, किती वेळ लागतो ते मोजा. आमच्या सात फळ्यांना दोन माणसांचे साडेतीन तास लागतात.

हवामान विभाग चक्रीवादळाची सूचना साधारण ४८ तास आधी आणि इशारा २४ तास आधी देतो. ४८ तासांच्या सूचनेलाच फळ्या लावायला घ्या. इशारा येईपर्यंत वारा इतका वाढलेला असू शकतो की शिडीवर फळी धरणं जीवावर बेतेल. त्याच दिवशी अंगणातल्या कुंड्या, सुटे पत्रे, सोललेले नारळ, झावळ्या आत घ्या. शेजारच्या बंद घराच्या खिडक्याही बघा. त्यांचे पत्रे तुमच्याच काचेवर येणार आहेत.

वादळ गेल्यावर

वीज आणि पडलेल्या तारा यांची खात्री झाल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. जाड तळव्यांची पायताणं आणि हातमोजे घालूनच काचा गोळा करा, आणि त्या गोणीत भरून गोणीवर ‘काच’ असं लिहा. परड्यात टाकलेल्या काचा पुढे गुरांच्या खुरात जातात.

काहीही हलवण्याआधी फोटो काढा : खिडकी बाहेरून, आतून, जवळून मोजपट्टी लावून, आणि तिच्यावरचं छप्पर. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत मोडकी चौकट जपून ठेवा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. तोवर उघड्या भोकावर ताडपत्री लावायची ती नुसती खिळ्यांनी नको, कडेला लाकडी पट्ट्या मारून लावा, वरची कड भिंतीवर वीतभर चढवून. नाहीतर पहिल्याच पावसात ती फाटते.

पक्की दुरुस्ती मात्र लगेच सुरू करू नका. भिजलेला जांभा आठवडेच्या आठवडे ओला राहतो, वरून कोरडा दिसला तरी. फूटभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा खिडकीशेजारच्या भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबा. निसर्गनंतर आमच्या पश्चिमेच्या भिंतीवरचं प्लॅस्टिक नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्यांदा कोरडं निघालं, आणि नव्या चौकटीचा पहिला खण आम्ही त्यानंतर खोदला.